पाताळातला मासा: एक दिसलेला, एक खरा

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीपासून सुरू होतो.

दोन एपिसोडपूर्वी, गप्पांच्या ओघात मी एक वाक्य सहज टाकून दिलं होतं. "१९६० साली दोन माणसं समुद्राच्या सगळ्यात खोल जागी उतरली आणि तिथेसुद्धा त्यांना मासा दिसला." बोललो आणि पुढे गेलो. लहानपणी एका पुस्तकात वाचलेलं होतं, कॉलेजमध्ये क्विझमध्येही वापरलं होतं, त्यामुळे तपासायचं डोक्यातच आलं नाही. मग कोल्हापूरहून एका ताईंचा मेसेज आला. एकच ओळ. "दादा, तो मासा नंतर परत कुणाला दिसला का?"

मी म्हटलं, हो, दिसला असेलच की. लगेच लिंक पाठवून देऊ म्हणून बसलो आणि रात्रीचे तीन वाजले. उत्तर असं आहे की नाही, त्यानंतर तो कुणालाच दिसलेला नाही. आणि न दिसण्यामागे जे कारण सापडलं, ते मला त्या माशापेक्षा जास्त भारी वाटलं. म्हणून आज ही सगळी गोष्ट. चूक दुरुस्त करायची म्हणून समजा हवं तर.

तर आधी ते १९६०.

प्रशांत महासागरात, गुआम बेटाच्या नैऋत्येला मारियाना नावाची एक लांबलचक खंदकासारखी घळ आहे. तिच्या दक्षिण टोकाजवळची सगळ्यात खोल जागा म्हणजे चॅलेंजर डीप. खोली साधारण १०,९०० मीटर. एव्हरेस्ट त्यात उलटा करून घातला तरी वर दोन किलोमीटर पाणी उरतं. २३ जानेवारी १९६० या दिवशी त्रिएस्त नावाच्या यानातून दोघं जण तिथे उतरले. एक अमेरिकन नौदलाचा लेफ्टनंट डॉन वॉल्श आणि दुसरा स्वित्झर्लंडचा जॅक पिकार्ड. यानाची मूळ रचना जॅकच्या वडिलांची, ऑगस्त पिकार्ड यांची. हे गृहस्थ १९३१ साली बलून घेऊन स्ट्रॅटोस्फिअरमध्ये जाऊन आले होते. त्यामुळे त्रिएस्तसुद्धा मुळात बलूनच, फक्त पाण्यातलं! वर पेट्रोलने भरलेली अवाढव्य टाकी, जवळजवळ ८५,००० लिटरची. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर ओढणार. खाली जायला लोखंडी छर्रे भरायचे, वर यायचं झालं की छर्रे सोडून द्यायचे. टाकीच्या पोटाला खाली एक पोलादी गोळा चिकटवलेला, त्याच्या आत दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. इंजिनीअर म्हणून सांगतो, मला ही रचना इतकी आवडली की त्याच्या आकृत्या बघण्यातच माझा एक तास गेला.

खाली जायला पावणेपाच तासांच्या वर लागले. वाटेत, साधारण नऊ किलोमीटर खोलीवर असताना मोठा आवाज झाला आणि अख्खं यान हादरलं. बाहेरच्या प्रवेशमार्गाच्या एका खिडकीला तडा गेला होता. तरी ते खाली जातच राहिले. शेवटी तळ आला. आणि तळावर टेकायच्या बेतात असताना पिकार्डला छोट्याशा खिडकीतून मासा दिसला. त्याने पुढे लिहिलं त्याप्रमाणे चपटा, सोलसारखा, साधारण फूटभर लांब, डोक्यावर दोन गोल डोळे. सोल म्हणजे आपल्याकडच्या लेपाचा भाऊबंद. वाळूत पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला.

फोटो? नाही. यान टेकलं आणि तळाचा मऊ गाळ असा उसळला की बाहेर दुधासारखं पांढरं. वीस मिनिटं ते तिथे होते, गाळ काही खाली बसला नाही. मग छर्रे सोडले आणि वर आले.

बघा, म्हणजे अख्ख्या जगात साक्षीदार दोन, त्यातला एकही जीवशास्त्रज्ञ नाही, खिडकी छोटी, बघायला मिळालेला वेळ काही क्षण, फोटो शून्य. आमच्या ऑफिसमध्ये कुणी असा बग रिपोर्ट केला, ना लॉग, ना स्क्रीनशॉट, "पण मी पाहिलं ना!", तर आम्ही हळूच तिकीट बंद करतो. पण इथे साक्षीदार कोण होता ते लक्षात घ्या. जीव धोक्यात घालून, तडा गेलेल्या खिडकीसकट जगाच्या तळाला जाऊन आलेला माणूस. त्याला कोण विचारणार, की बाबा नीट बघितलंस का?

एकाने विचारलं. डेन्मार्कचे टॉर्बेन वोल्फ. १९५० ते ५२ दरम्यान गालातेया नावाच्या डॅनिश जहाजाने जगभरातल्या खोल घळींमधून जाळी ओढली होती, वोल्फ त्या मोहिमेवर होते. घळीत काय राहतं हे त्यांनी हाताने निवडून पाहिलेलं होतं. १९६१ साली त्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की हा मासा नसावा, बहुधा समुद्रकाकडी असावी. समुद्रकाकडी म्हणजे काकडीच्या आकाराचा, तळावर सरपटणारा, मऊ अंगाचा प्राणी. घळींच्या तळाशी भरपूर असतात. पण ही शंका तज्ज्ञांच्या कपाटातच राहिली. पुस्तकांमध्ये, शाळेत, क्विझमध्ये मासाच गेला. आणि अर्थात माझ्या पॉडकास्टमध्येही.

आता मला पडलेला प्रश्न. शास्त्रज्ञ एरवी इतके चिकित्सक, मग यावर पन्नास वर्षं गप्प का? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो ना, तसं झालं असावं. कारण याच्या शंभर वर्षं आधी या शास्त्राचं तोंड चांगलंच पोळलेलं होतं.

१८४१ च्या सुमारास एडवर्ड फोर्ब्स नावाचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ ब्रिटिश नौदलाच्या जहाजावरून एजियन समुद्रात, म्हणजे ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या समुद्रात, तळ खरवडत होता. खोल जावं तसे प्राणी कमी कमी होत गेलेले त्याला दिसले. त्याने आलेख पुढे वाढवला आणि १८४३ मध्ये मांडलं की ३०० फॅदमच्या, म्हणजे साधारण ५५० मीटरच्या खाली जीवसृष्टी नाहीच. तर्क बघायला गेलं तर सोपा. अंधार, थंडी, दाब. तिथे कोण जगणार? लोकांना पटलं. गंमत म्हणजे १८१८ मध्येच जॉन रॉसने कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन उपसागरात याहून खूप खोल दोर सोडला होता आणि दोराला गुंतून एक जिवंत तारामाशासारखा प्राणी वर आला होता. पण ते विसरलं गेलं. शेवटी १८६० मध्ये भूमध्य समुद्रात तुटलेली एक टेलिग्राफची केबल दुरुस्तीला वर काढली, दोन किलोमीटरहून जास्त खोलीवरून, तर तिच्यावर प्रवाळ वगैरे चक्क वाढून चिकटलेले. केबलवाल्यांनी जीवशास्त्रज्ञांना खोटं पाडलं! फोर्ब्स तोवर गेला होता, ३९ व्या वर्षीच. पण "अमुक खोलीखाली जीव नाही" असं म्हणणाऱ्याचं काय होतं हे सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर समुद्रात रेघ ओढायला कुणी धजेना. मग पिकार्ड १०,९०० मीटरवर मासा म्हणाला, तर असेल बाबा, म्हणून सगळे गप्प.

म्हणजे एकाने रेघ फारच वर ओढली, दुसऱ्याने पुसूनच टाकली. खरी रेघ कुठे आहे हे सांगायला एक तिसराच आला. वीतभर लांबीचा, गुलाबी, गिळगिळीत मासा.

याचं नाव स्नेलफिश. शब्दशः गोगलगाय-मासा. यांच्या कुटुंबात चारशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच थंड समुद्रांच्या उथळ पाण्यात दगडांना चिकटून बसणाऱ्या. अशा साध्यासुध्या घराण्यातली काही मंडळी खाली खाली जात पाताळात पोचली. पाताळ हा शब्द मी उगाच वापरत नाहीये हं. ६,००० मीटरच्या खालच्या पाण्याला शास्त्रात हेडल म्हणतात, ग्रीकांच्या मृत्युलोकाच्या हेडीस या देवावरून. आपल्याकडे नाव द्यायचं असतं तर पाताळच दिलं असतं. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना खाली नेणारं मत्स्य ६००० नावाचं यान बनवतेय, ते नावाप्रमाणे ६,००० मीटरपर्यंतचं. म्हणजे या माशाच्या अंगणाच्या फाटकापर्यंत. मासा राहतो त्याच्याही खाली एक-दोन किलोमीटर.

आपल्याला खोल समुद्रातला मासा म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? भयानक सुळे, डोक्यावर दिवा, काळाकभिन्न. ते सगळे मधल्या पाण्यातले. सगळ्यात खोल राहणारा हा मासा दिसायला अगदीच बिचारा. खवले नाहीत. कातडी इतकी पातळ की आतलं यकृत बाहेरून दिसतं. बारीक डोळे. अंग जेलीसारखं. ज्यांनी मार्केटमधून ओले बोंबील आणलेत त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. हातात धरला की लोंबतो, नुसतं पाणी. तसाच हा, फक्त बोंबलाला निदान दात विचकलेला रागीट चेहरा असतो. याचा चेहरा झोपेतून उठवलेल्या बाळासारखा आहे.

आता हा तिथे पिचत कसा नाही? थोडा हिशोब करू. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. घरचा कुकर शिट्टी मारतो तेव्हा आत साधारण दोन वातावरणं असतात. ८,००० मीटरवर आठशे. म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, एक चौरस सेंटिमीटरवर, साधारण आठशे किलो. एक अख्खी मारुती ८०० नखावर उभी करा, तरी थोडं वजन कमीच पडतं.

पण पिचायला आधी आत पोकळी लागते. रिकामी बाटली चेपते, पाण्याने गच्च भरलेली बाटली चेपत नाही. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तरंगायला. स्नेलफिशला ती नाहीच. सगळं पाणी आणि जेली. ही जेली त्याला तरंगायला मदत करते, आणि बांधायला फारसं अन्नही लागत नाही. शास्त्रज्ञांनी एक छोटा रोबो-मासा बनवून, त्याच्या शेपटीकडे जेलीच्या जागी पाण्याचा फुगवटा देऊन पाहिला, तर तो फुगवट्यासकट जास्त चांगला पोहला. म्हणजे ती लिबलिबीत शेपटी उगाच नाही. २०१९ साली चिनी शास्त्रज्ञांनी मारियानाच्या स्नेलफिशचा पूर्ण जनुकसंच वाचला. त्यात हाडं पक्की करणारं एक जनुक मोडलेलं सापडलं. त्याची कवटी पूर्ण बंदच होत नाही, सांगाड्यात बरीच कूर्चा राहते. प्रकाश ओळखणारी बरीच जनुकंही गेलेली. आपण ज्याला मजबुती म्हणतो ते या माशाने बहुतेक सगळं टाकून दिलंय.

पण हे झालं बाहेरचं. खरी लढाई पेशींच्या आत आहे. इथे दोन मिनिटं जरा लक्ष द्या, कारण पिकार्डच्या माशाचा निकाल इथेच लागतो.

शरीरातलं प्रत्येक काम प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी, आणि ती ठरलेल्या पद्धतीने घडी पडली तरच कामाची. नऊवारी साडी नुसती गुंडाळून चालत नाही, नेसावी लागते, तसं. आठशे वातावरणांचा दाब काय करतो, तर पाण्याचे रेणू त्या घड्यांमध्ये घुसवतो. घड्या विस्कटतात. मासा पिचत नाही, पण आतली यंत्रणा बंद पडते. यावरचा उपाय म्हणजे एक छोटा रेणू. ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. नाव विसरा, टीएमएओ म्हणा. हा पेशीत भरलेला असला की प्रथिनांच्या घड्या टिकून राहतात.

आणि हा रेणू तुमच्या ओळखीचा आहे बरं! मासा शिळा झाला की जो वास सुटतो, तो याच्यामुळे. मासा मेल्यावर जिवाणू टीएमएओ फोडतात आणि त्यातून ट्रायमिथाइलअमाइन हा वासाचा वायू निघतो. तो आम्लाने मारला जातो, म्हणून आई माशाला लिंबू चोळते, कालवणात कोकम नाहीतर चिंच घालते. कोकणातल्या आज्यांना केमिस्ट्रीचा पेपर नव्हता, पण उत्तर बरोबर होतं.

अमेरिकेतल्या व्हिटमन कॉलेजचे पॉल यान्सी हे या रेणूच्या मागे कित्येक वर्षं लागलेले. त्यांना दिसलं की मासा जितका खोल राहणारा, तितका त्याच्या अंगात टीएमएओ जास्त. जवळजवळ सरळ रेषेत. मग कुणीही विचारेल, खोल जात राहा, टीएमएओ वाढवत राहा, अडचण काय?

अडचण मिठाची आहे. म्हणजे, पाण्यात विरघळलेल्या सगळ्या गोष्टींची. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या कणांची मोजणी साधारण १,१०० धरा. युनिट सोडून द्या, फक्त आकडे लक्षात ठेवा. उथळ पाण्यातल्या साध्या माशाच्या रक्तात ती साधारण ३५०. समुद्र जास्त खारट, मासा कमी खारट. म्हणून माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपतं, आणि मासा समुद्र पीत राहतो, मीठ बाहेर टाकत राहतो. त्याची कल्ले, मूत्रपिंड ही सगळी यंत्रणा याच दिशेसाठी बनलेली. आता टीएमएओ भरलं की आतला आकडा वाढतो. न्यूझीलंडच्या उत्तरेला केरमाडेक घळीत ७,००० मीटरवरून यान्सी आणि सहकाऱ्यांना पाच स्नेलफिश मिळाले. त्यांच्या अंगातला आकडा होता ९९० च्या आसपास. रेषा पुढे वाढवली तर ती समुद्राच्या १,१०० ला कुठे गाठते? साधारण ८,२०० मीटरवर. त्याच्याही खाली जायचं तर मासा समुद्रापेक्षा खारट होणार, आणि पाणी उलट आत घुसायला लागणार.

हे त्यांनी २०१४ च्या सुरुवातीला छापलं. तेव्हा कॅमेऱ्यात दिसलेला सगळ्यात खोल मासा होता ७,७०३ मीटरचा, जपानच्या घळीतला, २००८ सालचा. म्हणजे ८,२०० हे भाकीत होतं. फोर्ब्सनेही आलेख वाढवला होता आणि आपटला होता. यांचं काय होणार?

यात एक प्रामाणिक शंका मलाही आली, ती सांगतो. नदीतले मासे पाण्यापेक्षा खारटच असतात की! त्यांच्या अंगात पाणी घुसतं आणि ते लघवीवाटे बाहेर टाकतात. हिलसा तर समुद्रातून नदीत जातो, दिशा बदलतो. मग स्नेलफिशला का नाही जमणार? कायमचं अशक्य आहे असं म्हणता येत नाहीच. पण त्यासाठी अख्खी यंत्रणा उलटी फिरवावी लागेल, तीही अशा जागी जिथे आधीच सगळं ताणलेलं आहे. आजवर कुणी तसं केलेलं दिसलेलं नाही. आणि "दिसलेलं नाही" याला आता अर्थ आहे, कारण बघणारे वाढलेत.

बघतात कसं, तर फार सोपं. एक लोखंडी सांगाडा, त्याला वजनं, कॅमेरा, दिवा, आणि समोर बांधलेला बांगड्याच्या जातीचा मासा. दोरबिर काही नाही. जहाजावरून सोडून द्यायचं. तळाला पोचायला चार एक तास. मग रात्रभर थांबायचं, जहाजावरून ध्वनीचा सिग्नल द्यायचा, वजनं सुटतात, सांगाडा तरंगत वर. सोबत पिंजरा असेल तर त्यात कधी मासाही येतो. तो वर आला की गरम हवेत विरघळल्यासारखा व्हायला लागतो, म्हणून लगेच बर्फाच्या पाण्यात.

आणि या कॅमेऱ्यांत दिसलं ते असं. २०१४ च्या शेवटी मारियानात मासा दिसला ८,१४३ मीटरवर. २०१७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना त्याच घळीत ८,१७८ वर. मग ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये ॲलन जेमिसन आणि जपानी सहकाऱ्यांना जपानच्या दक्षिणेला इझू-ओगासावारा घळीत, ८,३३६ मीटरवर. एक लहानसं पिल्लू, एकटंच. तिथलं पाणी किंचित उबदार आहे, म्हणून थोडं खाली जाता येत असावं, असं जेमिसन म्हणतात. गाडी बघा ना, सात हजार सातशेवरून निघाली आणि ८,२०० ते ८,४०० च्या दारात येऊन हळू झाली. एक जुना दावा ८,३७० मीटरचाही आहे, १९७० सालचा, प्वेर्तो रिकोच्या घळीतला. पण ते उघड्या तोंडाचं जाळं होतं, वर येताना वाटेत कुठेही मासा शिरला असेल.

त्या रेषेच्या खाली काय आहे मग? उपाशी वाळवंट? अजिबात नाही. घळ ही नरसाळ्यासारखी असते, वरून पडणारं सगळं उतारावरून घरंगळत तळाशी जमतं. तिथे अँफिपॉड नावाचे कोळंबीचे लांबचे नातलग झुंडीने राहतात, अगदी चॅलेंजर डीपपर्यंत. या बिनकण्याच्या प्राण्यांचं रक्त मुळातच समुद्राइतकं खारट असतं, त्यामुळे त्यांचा हिशोब वेगळा. आणि स्नेलफिशचं मुख्य जेवण काय? हेच अँफिपॉड! तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचे आणि घशातल्या दुसऱ्या जबड्याने भरडायचे. म्हणजे ताट वाढलेलं आहे, वाटेकरी नाही, आणि तरी मासा त्या पायरीच्या खाली उतरत नाही. मला हा पुरावा सगळ्यात जास्त पटला. जिथे जेवण आहे आणि तरी कुणी जात नाही, तिथे काहीतरी अडवतंय.

आता पिकार्डकडे परत. २०१२ मध्ये जेमिसन आणि यान्सी यांनी त्रिएस्तच्या माशावर एक स्वतंत्र लेखच लिहिला. चपटे मासे साधारण २,००० मीटरच्या खाली सहसा सापडत नाहीत. १०,९०० मीटरवर टीएमएओचं गणित कोसळतं. त्या जागी नंतर जपानचा काइको रोबो १९९५ पासून गेला, २०१२ साली जेम्स कॅमेरॉन गेला, २०१९ मध्ये व्हिक्टर वेस्कोव्हो गेला, कित्येक कॅमेरे गेले. समुद्रकाकड्या दिसल्या, अळ्या दिसल्या, अँफिपॉड दिसले. मासा नाही.

पिकार्ड खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. पावणेपाच तास अंधारात, थंडीत, तडा गेलेल्या खिडकीची भीती घेऊन बसलेल्या माणसाला दिव्याच्या झोतात काहीतरी हललेलं दिसलं, आणि त्याच्या मनाने त्याला ओळखीचा आकार दिला. त्यात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. त्या काळात अणुभट्ट्यांचा कचरा खोल घळींमध्ये टाकून द्यावा का, यावर गांभीर्याने चर्चा चालू होती. खाली साचलेलं, मेलेलं पाणी आहे, कुणाला काय फरक पडतो, असा विचार. तळाशी जिवंत प्राणी आहे म्हणजे तिथे प्राणवायू पोचतोय, म्हणजे पाणी फिरतंय, म्हणजे खाली टाकलेलं कधीतरी वर येणार. हा निष्कर्ष बरोबर होता. मासा असो की समुद्रकाकडी, श्वास दोघांनाही लागतो.

आणि आता शेवटची गोष्ट, जी वाचून मी त्या रात्री तीन वाजता खुर्चीतून उठलो.

२०१७ साली मॅकेन्झी गेरिंगर आणि सहकाऱ्यांनी मारियानाच्या स्नेलफिशला अधिकृत नाव दिलं. सापळ्यात मिळालेले ३७ मासे, ६,९०० पासून जवळजवळ ८,००० मीटरपर्यंतचे. नाव ठेवलं स्यूडोलिपारिस स्वायरी. हा स्वायर कोण? हर्बर्ट स्वायर, एचएमएस चॅलेंजर या ब्रिटिश जहाजावरचा तरुण नौकानयन अधिकारी. १८७२ ते ७६ हे जहाज जगभर समुद्र मोजत फिरलं. चॅलेंजर डीप हे नावही तिथूनच आलेलं. स्वायर रोज डायरी लिहायचा, चित्रं काढायचा. ती डायरी छापली गेली १९३८ साली, त्याच्या मृत्यूनंतर.

२३ मार्च १८७५ ला चॅलेंजर मारियानाजवळ होतं. दोराला शिसं बांधून खाली सोडलं. दोर जातोय, जातोय, संपेचना. विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा मोजलं. सोबत सोडलेले काचेचे थर्मामीटर दाबाने फुटून वर आले. आकडा आला ४,४७५ फॅदम. तोवर त्या मोहिमेत मोजलेली सगळ्यात जास्त खोली. घळीचा खरा तळ तिथून आणखी अडीच-पावणेतीन किलोमीटर खाली होता, पण त्यांचं शिसं नेमकं उताराच्या मधेच कुठेतरी टेकलं होतं.

४,४७५ फॅदम म्हणजे किती मीटर, ते मी कॅल्क्युलेटरवर केलं. ८,१८४.

कोल्हापूरच्या ताई, तुमचं उत्तर हे. पिकार्डचा मासा परत कुणालाच दिसला नाही. दिसतो तो स्वायरचा, आणि तो साधारण स्वायरचं शिसं टेकलं तिथपर्यंतच दिसतो.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू.